बॉनची सकाळ

"मीही येणार आहे," वृंदावहिनी म्हणाल्या आणि पोहे वाढत राहिल्या.

टेबलावर जर्मनीचा मोठा नकाशा पसरलेला होता, त्यामुळे बशा आम्ही हातात धरून बसलो होतो. डॉक्टर साठ्यांनी नकाशावरची नजर काढली नाही. आम्ही आधी भटकून येतो, तू मागाहून सावकाश लेकीकडे जाऊन राहा, असं ते म्हणाले. वहिनींनी शांतपणे सांगितलं, की लेक सकाळीच कामावर जाते आणि परक्या देशात बंद घराच्या भिंती बघायला त्या एकट्या जाणार नाहीत. गाडी जावयाची आहे. त्या गाडीत पहिली जागा कुणाची, ते डॉक्टरांनीच ठरवावं.

ते ठरवायला फार विचार लागणार नव्हता. डॉक्टरांचे जावई कोलोनला राहत होते. त्यांच्या गाडीत चालवणारा धरून पाच जण बसत. ते स्वतः, डॉक्टर, सुभेदार शिंत्रे, नेमिनाथ चौगुले आणि मी, असे आम्ही पाच नेमके बसत होतो. त्यांच्या घरी पाहुण्यांना झोपायची सोयही चौघांचीच होती.

"म्हणजे कुणीतरी एक गळणार," डॉक्टर म्हणाले.

मिरजेतल्या डॉक्टरांच्या बंगल्यातल्या त्या सकाळीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. सांगलीहून बसने मिरजेला यायचो. आम्ही चौघं दर हिवाळ्यात गड चढायला जात असू. डॉक्टर हाडांचे होते आणि पुढारी होते. शिंत्रे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. चौगुले माझा शाळासोबती, मला दिगू म्हणणारा, बँकेतून निवृत्त झालेला. मला या मंडळींत का घेतलं होतं, हे मला कधी नीट कळलं नाही. बहुधा मी वाचलेलं सांगायचो म्हणून. गडाच्या दरवाजाशी दम खायला बसलं की डॉक्टर म्हणायचे, आठल्ये, बोला. मग मी तट, बुरूज, पहारा यांच्याबद्दल सांगायचो, आणि सांगता सांगता नकळत रोमन सैन्यावर घसरायचो. ते माझं आयुष्यभराचं वेड. रोज मुक्कामाला खंदक खणून छावणी उभारणारे आणि सकाळी ती मोडून पुढे जाणारे ते लोक मला माझ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचे होते. जवळपासचे गड बघून झाले तेव्हा डॉक्टरांनीच काढलं, की आता आठल्यांचे रोमन लोक बघून येऊ. जावई आहेतच.

तेव्हापासून वर्षभर मी प्रवासाची आखणी करत होतो. ऱ्हाइन नदीच्या काठाने रोमन सैन्याच्या छावण्या होत्या. कोलोन, झांटेन, माइन्झ, जंगलातला झालबुर्गचा किल्ला, आणि कालक्रीझ, जिथे जर्मन टोळ्यांनी तीन पलटणी कापून काढल्या असं मानतात. कुठलं संग्रहालय कधी बंद, कुठून कुठे किती वेळ, हे सगळं माझ्याकडे होतं. संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे त्या मंडळींना पहिल्यांदा मी सांगितलं.

आणि सगळा आठवडा मी एका शनिवारच्या सकाळभोवती बांधला होता. बॉनच्या संग्रहालयात एक दगड आहे. त्या तीन पलटणींबरोबर मेलेल्या मार्कस केलियस नावाच्या अधिकाऱ्याचा. त्याचं प्रेत मिळालं नाही. पुब्लियस नावाच्या भावाने त्याच्या नावाचा दगड करवून घेतला आणि त्यावर कोरलं, की हाडं मिळाली तर इथे ठेवायला मुभा आहे. त्या ओळीच्या अर्थाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. मला जो अर्थ हवा होता तो मी धरला.

माझा थोरला भाऊ मोरेश्वर बासष्टच्या चीनच्या लढाईत तवांगच्या बाजूला होता. बेपत्ता, एवढंच कळलं. पुढे काही नाही. आईने त्याचं श्राद्ध कधी होऊ दिलं नाही. पितृपक्षात सगळ्यांची पानं वाढली जायची, आजोबांचं, काकांचं, शेवटी वडिलांचंही. मोरूदादाचं नाही. तो मेलाय कुठे, असं आई विचारायची. ती गेल्यावर करणारा मीच उरलो होतो, पण तिथी कुठली धरायची? मला वाटायचं, त्या दगडापुढे जाऊन एकदा उभं राहावं. दुसऱ्या एका भावाने हे कसं केलं ते बघावं. तेवढं झालं की कदाचित मला पुढचं करता येईल. हे मी मंडळींना सांगितलं नव्हतं. फक्त चौगुल्याला, एकदा पन्हाळा उतरताना सांगितलं होतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. ते मला फार बरं वाटलं होतं.

तर कुणीतरी एक गळणार होता. मी घाबरत म्हटलं, की कोलोनहून रेल्वे आहे, राहायला कुठेतरी स्वस्तातली खोली बघतो, जमेल तिथे तुम्हाला येऊन गाठतो. सुभेदार हसायला लागले. मिरज जंक्शनवर चुकीच्या फलाटावर उभा राहून पुण्याची गाडी घालवणारा माणूस जर्मनीत गाड्या बदलणार. ही गोष्ट खरी होती.

मग सुभेदारांनीच ते काढलं. "मास्तर, तुमच्या त्या रोमन पलटणीत चिठ्ठ्या टाकून आपल्याच माणसाला मारत हुते न्हवं? ते कसं, ते एकदा सांगा की."

मी मास्तर कधीच नव्हतो, पण ते मला मास्तर म्हणत. एरवी कुणी काही विचारलं तर मी चाचरतो. पण या विषयावर माझी जीभ सुटते. मी सांगितलं, की पलटण रणातून पळाली तर दहा-दहांचे गट करत. दहांत एक, ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो मरायचा. त्याने स्वतः काही केलेलं असो वा नसो. आणि मारायचं काम जल्लादाचं नसे. उरलेल्या नऊ जणांनीच त्याला काठ्यांनी, दगडांनी मारायचं. एका तंबूत झोपणारे, एका जात्यावर दळून खाणारे ते लोक. मग त्या नऊ जणांना गव्हाऐवजी जनावरांना घालायचे सातू मिळायचे आणि तंबू तटाबाहेर ठोकायला लागायचा.

"आमी जन्मभर जोंधळा खाल्ला," सुभेदार म्हणाले. "म्हंजे आमचा गुन्हा लईच मोठा आसंल."

सगळे हसले. मीही हसलो.

डॉक्टर उठून देवघरातून काडेपेटी घेऊन आले. तीन काड्या काढल्या, एकीचं टोक मोडलं आणि तिन्ही मुठीत धरल्या.

"सेनापती रांगेत उभा राहत नाही. बरोबर ना, आठल्ये?"

"बरोबर," मी म्हणालो.

"आणि सेनापतीची बायको?" वहिनींनी विचारलं.

"तिच्यासमोर सेनापतीच रांगेत असतो," डॉक्टर म्हणाले, आणि मूठ पुढे केली.

सुभेदारांनी पहिली ओढली. लांब. मला खात्री होती की आखूड माझ्यासाठीच आहे, नशिबाच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही. पण माझ्याही हातात लांब आली. उरलेली काडी ओढायची काही गरज नव्हती. डॉक्टरांनी तरीही मूठ चौगुल्यापुढे धरून ठेवली, आणि त्याने ओढेपर्यंत हलवली नाही.

चौगुल्याने मोडकी काडी बोटांत फिरवली. त्याचा चेहरा मी पाहिला. बायको गेल्यापासून त्याच्या घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मुलगा बोलत नसे आणि सून त्याला चहा खोलीत पाठवायची. या प्रवासाने मात्र त्याचं वजन वाढलं होतं. बँकेच्या पेन्शनरांनी त्याचा हार घालून सत्कार केला होता. सुनेने आपणहून लोकरीचा कोट आणून दिला होता. आता घरी जाऊन तो काय सांगणार होता?

"ठीक आहे," तो म्हणाला. "कुणीतरी राहणारच होतं."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "अर्धंच झालंय. काठ्या राहिल्या."

त्यांनी नियम सांगितला. उरलेल्यांनी चौगुल्याच्या तोंडावर सांगायचं, की तो येत नाही हे बरं का झालं. एकेकाने. आणि खरं तेच बोलायचं, कारण लुटुपुटीच्या काठीने कुणी मरत नाही. आम्ही हसावं की नाही, हे आम्हाला कळेना. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र उत्सुकता होती. एखाद्याचा दुखरा हात हातात घेऊन तो नेमका कुठे दुखतो ते बघताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

सुभेदारांनी आधी गमतीने सुरुवात केली. चौगुल्यांचा गुडघा चढण लागली की दुखतो आणि जेवायला बसलं की बरा होतो, म्हणाले. मुक्कामात यांच्या घोरण्याने वटवाघळं उठतात. चौगुले हसत होता. मग सुभेदार थांबले, जरा पुढे वाकले, आणि आवाज न चढवता म्हणाले, "खरं सांगू का चौगुले, घरात सून इचारत न्हाई म्हणून तुमी आमच्या मागनं फिरताय. आमी काय तुमची सून हाय व्हय?"

चौगुल्याचं हसू तोंडावरच राहिलं. ते काढून कुठे ठेवावं हे त्याला सुचेना.

"अहो, पुरे आता," वहिनी म्हणाल्या.

"पुरे कसं? आठल्ये राहिले," डॉक्टर म्हणाले. "हं. तुमची काठी."

माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं असं नाही. शाळेपासूनची ओळख. माणसाबद्दल इतक्या वर्षांत जे गोळा होतं, ते सगळं माझ्यापाशी होतं. पण समोर तो बसला होता, हातात मोडकी काडी घेऊन, आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू मी काय उचलणार तेच तो मोजतोय.

"मला नाही जमणार," मी म्हणालो.

"का?"

"नाही जमणार, डॉक्टर."

डॉक्टर रागावले नाहीत. उलट खुश झाले. खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचारलं, "मग मला हे सांगा. दहांतल्या एकाने मारायला नकार दिला, तर रोमन लोक त्याचं काय करत?"

इथे मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं, कारण नेमक्या या प्रसंगाबद्दल मी कुठे वाचलेलं नव्हतं. पण प्रश्न चांगला होता, आणि असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी विचार केला आणि सांगितलं, की याबद्दल स्पष्ट उल्लेख माझ्या पाहण्यात नाही. पण निशाणाखाली दिलेला हुकूम मोडला तर शिक्षा मरणाचीच असे. पहाऱ्यावर झोपणाऱ्यालाही सोबत्यांनी काठ्यांनीच मारायचं. त्यावरून अंदाज करायचा झाला तर...

"तर?"

"तर तो त्याच्या जागी उभा केला जाईल."

"म्हणजे चौगुल्यांच्या जागी तुम्ही."

डॉक्टरांनी चौगुल्याच्या हातातून मोडकी काडी घेतली आणि माझ्या पुढ्यात, नकाशावर ठेवली. वहिनींनी परत एकदा म्हटलं की हा कसला खेळ, सोडा. डॉक्टर त्यांना म्हणाले, की खेळ कुठला, कुणीतरी राहायचंच आहे ना? तू राहतेस का? वहिनींनी बशा गोळा केल्या आणि आत गेल्या.

"बरं झालं," सुभेदार मला म्हणाले. "तुमी पुस्तकातच बरं, मास्तर. तिकडं थंडी आसती." एवढीच त्यांची काठी होती. मला ती लागली नाही.

मग डॉक्टरांनी चौगुल्याकडे बघितलं. "तुम्हाला जागा परत मिळालीय. पण काठी मारल्याशिवाय नाही. नाहीतर परत तुम्ही."

मला वाटलं, आता तोही नाही म्हणेल. मग आम्ही दोघं एका बाजूला होऊ, आणि डॉक्टरांना हा खेळ मोडावा लागेल. किंवा तो काहीतरी किरकोळ बोलेल, माझ्या शर्टाच्या नेहमी चुकीच्या लागणाऱ्या बटणांवरून, फलाटावरून. मी त्याच्याकडे बघून हसलो देखील, त्याला सोपं जावं म्हणून.

चौगुल्याने चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसला. पुसता पुसताच तो बोलला. माझ्याशी नाही, डॉक्टरांशी.

"दिगूला रोमन लोकांशी काही घेणंदेणं नाही हो. त्याला त्या बॉनच्या दगडापुढे जाऊन रडायचंय. भाऊ बासष्टला गेला, यांच्या घरात अजून मेला म्हणायला तयार नाहीत. एवढी मोठी आखणी केलीय ती त्याच्यासाठी. आपण सगळ्यांनी पार जर्मनीला जायचं, ते काय याच्या भावाच्या दिवसकार्याला?"

आत भांडी ठेवल्याचा आवाज आला. सुभेदारांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"कुठं हुता भाऊ?"

"तवांगच्या बाजूला. वायरलेसवर."

"हं." मला वाटलं, हा फौजेतला माणूस आहे, याला कळेल. मग ते म्हणाले, "त्या पळापळीत कोण पडलं आन् कोण पळालं, कुणाला म्हाईत. आसंल बी कुठंतरी. बायकापोरं करून ऱ्हायला आसंल."

हे ते वाईट हेतूने बोलले असं मला आजही वाटत नाही. मला उगाच आई आठवली. तिला हे वाक्य आवडलं असतं. तिने त्यांना बसवून जेवायला वाढलं असतं.

डॉक्टर मात्र गंभीर झाले होते. त्यांनी चष्मा लावला आणि नकाशावर वाकून बॉन शोधलं. "आठल्ये, हे तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "तुम्ही सांगितलंत, दगड महत्त्वाचा आहे. तुमच्या शब्दावर आम्ही अख्खी सकाळ ठेवली."

"दगड महत्त्वाचाच आहे, डॉक्टर. त्या लढाईचा तो..."

"असेल. पण आता कुणासाठी?"

याचं उत्तर मी शोधत होतो. कुठल्याही इतिहासकाराने दिलं असतं असं साधं उत्तर होतं, आणि मला ते त्या घटकेला सापडलं नाही. चौगुल्याने चष्मा परत घातला. तो आता सैलावून बसला होता. त्याच्या घरी सांगण्यासारखं पुन्हा काहीतरी होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. पहिला कप त्यांनी मला दिला.

"तर बॉन काढलं," डॉक्टर म्हणाले. "शनिवारची सकाळ मोकळी झाली. ती कुठे टाकायची, आठल्ये?"

त्या वेळी उठून निघून जायला हवं होतं, असं पुढे ज्या एक-दोघांना मी हे सांगितलं ते म्हणाले. मी तसं का केलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चहाचा कप हातात होता, हे एक. आणि मला प्रश्न विचारला गेला होता, आणि मला उत्तर येत होतं.

मी खुर्ची पुढे ओढली. झांटेनला आपण फक्त एक दुपार ठेवली आहे, ती अपुरी पडते, म्हणालो. तिथे अख्खं रोमन शहर मोकळ्या माळावर आहे. तट परत उभा केलाय, वेस आहे, कुस्त्यांच्या आखाड्यासारखं गोल रिंगण आहे, स्नानगृहांवर काचेचं छप्पर घातलंय. शनिवारी सकाळी कोलोनहून लवकर निघा, म्हणजे गर्दीच्या आधी तट हिंडून होईल. सुभेदारांनी विचारलं, की तटावर चढू देतात का. मी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, की शस्त्रं बघायला मिळतील का. आवारातच संग्रहालय आहे, तिथे आहेत, म्हणून सांगितलं.

"नाव काय म्हणालास?" चौगुल्याने विचारलं. "जरा लिहून दे की, दिगू. घरी विचारलं तर नीट सांगता यायला हवं."

मी त्याला मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून दिलं. उच्चारही दोनदा म्हणून दाखवला. त्याने माझ्यामागून तो म्हटला, आणि त्याला तो बरोबर जमला.

केलियसचा तो दगड मुळात झांटेनच्या शेजारीच जमिनीत सापडला होता. तेवढं मी त्यांना सांगितलं नाही.